नऊ नंबरची कॉफी

प्रसिद्ध माणसांचे दोन प्रकार असतात. पहिल्या प्रकारातल्या माणसाला लोक ओळखतात. दुसऱ्या प्रकारातल्या माणसाला तर ओळखतातच, शिवाय त्याच्या आईला, मामाला, शाळेतल्या बाईंना आणि दहावीला गणितात पडलेल्या मार्कांनाही ओळखतात. पहिल्या प्रकारातला माणूस काळा गॉगल लावून विमानतळावरून गुपचूप निसटू शकतो. दुसऱ्यानं गॉगल लावला तर "डोळं आल्यात काय रं?" अशी चौकशी सुरू होते आणि संध्याकाळपर्यंत घरी चार प्रकारचे ड्रॉप्स पोचतात.

कोल्हापूरचा फुटबॉलपटू या दुसऱ्या प्रकारात मोडतो.

कोल्हापूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला कुस्ती आठवते, चप्पल आठवते, तांबडा-पांढरा आठवतो. फुटबॉल आठवत नाही. फुटबॉल म्हणजे कोलकाता, गोवा आणि केरळ, अशी त्याची समजूत असते. अशा माणसाला एकदा हंगामात शाहू स्टेडियमवर आणून बसवावं. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब ही नावं कानावर पडली की, हे फुटबॉलचे संघ आहेत की गणेशोत्सवाच्या मिरवणुकीचा क्रम, असा त्याला प्रश्न पडतो. ज्या तालमींच्या हौद्यात पैलवान घुमायचे, त्यांतल्याच कित्येक तालमींनी पुढं फुटबॉलचे संघ उभे केले. त्यामुळे इथं संघ क्लबचा नसतो, पेठेचा असतो. मैदानात बावीस जण खेळतात, गॅलरीत हजारो जण खेळतात, आणि पोलिस बंदोबस्त असतो तो या दुसऱ्या खेळाडूंसाठी.

विश्वचषक आला की पेठापेठांतून मेस्सी, नेमार आणि रोनाल्डो यांचे भले थोरले फलक उभे राहतात. फलकाच्या तळाशी शुभेच्छुकांचे पासपोर्ट आकाराचे फोटो असतात. त्या अख्ख्या फलकावर 'भावी नगरसेवक' नसलेला असा एकटा मेस्सीच. अर्जेंटिना हरली तर इथं माणसं जेवत नाहीत. ज्यांनी सातासमुद्रापलीकडच्या माणसाला इतकं आपलं मानलं, ती मंडळी गल्लीत वाढलेल्या आपल्या स्ट्रायकरला सुखानं कॉफी पिऊ देतील, ही अपेक्षाच चूक आहे.

हा स्ट्रायकर मला मध्यंतरी राजारामपुरीतल्या एका कॉफी शॉपमध्ये भेटला. त्याचा संघ कोणता ते मी लिहीत नाही. कोल्हापुरात संघाचं नाव लिहिलं की निम्मे वाचक तिथंच लेख बाजूला ठेवतात आणि उरलेल्या निम्म्यांतले दोघे-तिघे घर विचारत येतात. त्याच्या पाठीवर नऊ नंबर असतो, एवढं पुरे. पेठेत त्याला कुणी नावानं हाक मारत नाही. त्याची आजीसुद्धा म्हणे, "नऊ नंबर उठला का बघा रं," असंच विचारते.

माझ्याबरोबर भाचा होता. तो हिंजवडीत नोकरीला आहे. कोल्हापुरात आला की पहिल्या दिवशी मिसळ खातो, दुसऱ्या दिवशी "मामा, इथं चांगली कॉफी कुठे मिळते?" असं विचारतो. खरं तर हे गाव कॉफीचं नव्हे. हे गाव दुधाचं. गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशी आणून उभ्या करतात आणि समोर धार काढून पेला हातात देतात. पेला तोंडाला लावेपर्यंत त्यातला फेसही बसलेला नसतो. तालमीतली पोरं पिढ्यान्‌पिढ्या तिथंच भेटत आली. पण हल्ली पोरांना कट्ट्यावरचा फेस नको, कॉफीवरचा हवा. आणि त्या फेसावर बदामाच्या पानाचं चित्र काढून दिलं की त्याचे एकशे ऐंशी रुपये होतात. कट्ट्यावरच्या म्हशीला चित्रकला येत नाही, तिथं ती मागं पडली.

रविवारची संध्याकाळ होती. दुकान गच्च भरलेलं. एका कोपऱ्यात स्पर्धा परीक्षावाले एका कॉफीवर प्राचीन भारताचा इतिहास संपवत होते. दुसऱ्या कोपऱ्यात मुलगा-मुलगी बघण्याचा कार्यक्रम चालू होता. मुलाचे वडील कॉफीचा दर बघून गप्प झाले होते, आणि मुलीकडचे त्याला घरंदाजपणा समजत होते. काउंटरवर पैसे भरले की प्लास्टिकचं टोकन मिळायचं. नंबर दाखवणारा डिजिटल बोर्ड बंद होता, म्हणून काउंटरवरचा पोरगा नंबर ओरडून सांगत होता. पोरगा नवा होता आणि सोलापूरकडचा होता. पुढच्या घटनांत त्याचा दोष असेल तर तो एवढाच.

दार उघडून नऊ नंबर आत आला, आणि दुकानातला आवाज निम्म्यावर आला. तो साध्या टी-शर्टात होता, पायात स्लिपर. किंचित लंगडत होता. त्या लंगडण्याकडे पाहून चार टेबलांवर एकदम कुजबुज झाली. पुढच्या रविवारी सामना होता.

तो काउंटरपाशी गेला. पोरगा खाली बघून म्हणाला, "सर, नाव सांगा. मोबाईल नंबर सांगा. पॉइंट्स जमा होतील."

दुकानात शांतता पसरली. मागच्या टेबलावरचे एक गृहस्थ खुर्ची सरकवून उभे राहिले. "नाव विचारतोय!" ते सगळ्या दुकानाला उद्देशून म्हणाले. "मालक कुठं हाईत? बोलवा जरा."

नऊ नंबरनं शांतपणे नाव सांगितलं.

"स्पेलिंग?" पोरगा म्हणाला.

गृहस्थ मटकन खाली बसले.

जागा फक्त आमच्या टेबलावर होती. तो येऊन म्हणाला, "काका, इथं कोण बसलंय काय?" मी घाईघाईनं भाच्याची बॅग खुर्चीवरून उचलून भाच्याच्या मांडीवर ठेवली. लॅपटॉपची बॅग होती, जड होती. भाचा कळवळला.

"मामा, कोण आहे हा?" त्यानं माझ्या कानात विचारलं.

मी सांगितलं.

"आयएसएल खेळतो?"

"नाही."

"मग इंडिया?"

"नाही."

भाच्यानं टेबलाखाली मोबाईल काढून नाव शोधलं. या नावाचे एक दंतवैद्य आणि एक सिमेंटचे व्यापारी सापडले. "गुगलवर तर काहीच नाही," तो म्हणाला. त्याच्या लेखी माणूस तिथंच संपला होता. मी त्याला सांगितलं, गुगलला देश कळतो, जिल्हा कळतो. पेठ अजून कळलेली नाही. अनिकेत जाधव याच गावातून पुढं गेला आणि २०१७ साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तो गुगलवर आहे. पण त्याच्या आधी आणि त्याच्यानंतर या मातीत जे शेकडो जण खेळले, त्यांची नोंद चहाच्या गाड्यांवर तोंडपाठ आहे. तिथं तारीख, वार, मिनिट आणि 'तो ऑफसाईड नव्हताच' या शेऱ्यासकट सगळं सापडतं.

एवढ्यात पहिले भेटकरी आले.

भेटकऱ्यांचा क्रम ठरलेला असतो, हे मला त्या तासाभरात कळलं. सर्वांत आधी येतात ते ओळख काढणारे. परगावचा चाहता सही मागतो. कोल्हापूरचा चाहता सही मागत नाही; सही ही परक्या माणसाची घ्यायची वस्तू आहे. तो नातं मागतो. "तुझी आत्या आणि आमच्या ह्या एकाच भिशीत हाईत," असं म्हणून एक गृहस्थ जे उभे राहिले, ते भिशीतला पुढचा नंबर कुणाचा हे सांगूनच हलले. दुसऱ्यानं आपण त्याच्या वडलांबरोबर रंकाळ्यावर पोहायला जात होतो असं सांगितलं. तिसऱ्याला काहीच धागा सापडेना. तो बराच वेळ डोकं खाजवत उभा राहिला आणि शेवटी म्हणाला, "तुमच्या घरात जो गॅस येतोय न्हवं, ती एजन्सी माझ्या साडूची." नऊ नंबरनं सर्वांना मान डोलावून दाद दिली. गोल केल्यावर तो जितका हलत नाही, तितकी त्याची मान त्या पाच मिनिटांत हलली.

दुसरे येतात ते सल्लागार. हे कधीही फुटबॉल खेळलेले नसतात, कारण खेळण्यात वेळ गेला तर बघणार कधी? आमच्या टेबलावर आलेल्या सल्लागारांनी प्रस्तावनाच केली नाही. साखरेच्या पुड्यांची वाटी उपडी करून त्यांनी चार पुड्या ओळीत मांडल्या. "हे त्यांचे डिफेंडर. हा तू." 'तू' म्हणजे टूथपिक. "परवा बॉल इथं आला. बरोबर? तू काय केलंस? उजव्यानं मारलास. अरे, डाव्यानं मारायचा की!"

"काका, डावा दुखावलाय," टूथपिक म्हणाली.

"ते आमास्नी कशाला सांगतोस? बॉलला सांग."

त्यांनी आणखी दोन पुड्या आणून बचावफळी भक्कम केली. माझी कॉफी येऊन पडली होती, पण सगळी साखर बचावात गुंतलेली असल्यानं मी ती कडूच प्यालो. एक पुडी उचलायला मी हात पुढं केला, तर सल्लागारांनी माझ्याकडं असं पाहिलं, की जणू मी ऐन सामन्यात मैदानात उतरलोय.

तिसरे आले ते जुने खेळाडू. हे बसतात. गुडघ्यावर हात ठेवून, एक पाय सरळ पसरून बसतात, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ओलांडावा लागतो आणि 'काय झालं हो पायाला?' असं विचारावंच लागतं. "आमच्या टायमाला बूट कुठलं! अनवाणी खेळायचो. बूट घालणाऱ्याला पेठेत पोरी देत नव्हते." हे खरं असण्याची शक्यता कमी आहे, पण सांगणाऱ्याचा गुडघा खरा होता. आता बाहेरून, अगदी नायजेरियातूनसुद्धा खेळाडू आणतात, तेव्हा आमच्या वेळची मजा राहिली नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "त्यो नवा नायजेरियन कसा हाय रं? आपल्यासाठी ठेवता येईल का पुढच्या सीझनला?"

चौथ्या आल्या कॉलेजच्या मुली. चौघी होत्या, हातात मोबाईल. सारं दुकान कौतुकानं बघू लागलं. आता सेल्फी होणार, पोरगा लाजणार, असा सर्वांचा अंदाज. त्यातली एक धीटपणे पुढं झाली. कोल्हापूरच्या मुली 'मी येते, मी जाते' म्हणत नाहीत, 'मी येतो, मी जातो' म्हणतात. त्यामुळं धीटपणा जन्मापासूनच असतो. ती म्हणाली, "दादा, आम्ही तिथं उभारतो. तेवढा एक फोटो काढ की आमचा. कप दिसू दे."

त्यानं काढला. कप दिसेपर्यंत तीनदा काढला.

"ओळखलं नाही त्यांनी तुला," भाचा जरा खुशीत येऊन म्हणाला.

"न्हाई, ओळखत्यात की," नऊ नंबर म्हणाला. "त्यातली एक आमच्या चुलत्याची पोरगी."

पाचव्या प्रकारात एकच माणूस असतो, पण तो चुकत नाही. हा पांढरा शर्ट घातलेला असतो, खिशाला पेन असतं, आणि त्याच्या घरात लग्नाचं कुणीतरी असतं. हा माणूस उभ्यानंच सुरुवात करतो.

"मग सध्या काय करता?"

"खेळतो, काका."

"ते झालं. पण करता काय?"

महाराष्ट्रातल्या प्रत्येक खेळाडूला हा सामना खेळावा लागतो आणि इथं बरोबरी नसते. पदक दाखवून भागत नाही. नेमणुकीचा कागद दाखवावा लागतो. वीरधवल खाडे याच कोल्हापूरचा. २००८ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहला, २०१० च्या आशियाई स्पर्धेत ब्राँझ आणलं. लोक कौतुक करत होते, पण गावाला खरा धीर आला तो तो तहसीलदार झाल्यावर. पैलवान राहुल आवारेनं २०१९ साली जागतिक स्पर्धेत पदक मिळवलं आणि पुढं तो पोलिस उपअधीक्षक झाला. आता कुस्तीत हरला असता तरी चाललं असतं, असं म्हणणारी माणसं मला ठाऊक आहेत. राधानगरीकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ जिंकलं. तो तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता. त्या दिवशी टीव्हीसमोर बसून आमचे शेजारी डोळे पुसत म्हणाले, "पोरानं नाव काढलं. आणि रेल्वे म्हणजे पेन्शनचंही काहीतरी असणारच." ज्यानं सगळ्या जगासमोर बंदूक रोखली, त्यानं पूर्वी कधीतरी आपलं तिकीट तपासलं असेल, या कल्पनेनं तर ते इतके भारावले की जुनी तिकिटं शोधू लागले.

नऊ नंबर एका दुकानात हिशेब लिहितो. हंगामात मालक त्याला लवकर सोडतात. मालक त्याच पेठेतले. सामना हरला तर सोमवारी हिशेब दोनदा तपासतात.

भाचा हे सगळं बघत होता. शेवटी त्याला राहवेना. नऊ नंबर हात धुवायला गेला तसा तो म्हणाला, "मामा, हा छळ आहे. याला काही प्रायव्हसी आहे की नाही? कुणीही येतं, कुणीही बोलतं. एवढा हक्क दाखवायला यांचा संबंध काय?"

मी म्हटलं, "वर्गणी."

त्याला कळेना. मग मी त्याला खाशाबा जाधवांची गोष्ट सांगितली. गोष्ट सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, पण हिंजवडीत सांगायला कुणाला वेळ असतो? खाशाबा कराडजवळच्या गोळेश्वरचे. शिकले कोल्हापुरात, राजाराम कॉलेजात. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला म्हणून. १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नाहीत. गावानं वर्गणी काढली. तरी कमी पडले. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी ब्राँझ जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आले तेव्हा कराडला शंभराच्या वर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि मग या पैलवानानं कुस्तीची मैदानं घेतली, पैसे जमवले आणि प्राचार्यांचं घर सोडवलं.

"आता सांग," मी म्हटलं, "ज्यांनी त्या वर्गणीत आठ आणे घातले असतील, त्यांनी खाशाबांना रस्त्यात अडवून 'पट काढताना खांदा जरा खाली घे' असं सांगितलं असेल की नाही?"

भाचा विचारात पडला.

"आमचं सगळं तसंच चालतं. जर्सीला वर्गणी, बुटांना वर्गणी, याचा डावा पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा त्याच्या एक्स-रेला वर्गणी. इथला खेळाडू मंडळाच्या गणपतीसारखा आहे. पावती सगळ्यांनी फाडलेली असते, म्हणून आरतीला पुढं उभं राहायचा हक्कही सगळ्यांचा. क्रिकेटवाले टीव्हीत असतात. त्यांचे पैसे कंपन्या देतात, म्हणून आपण त्यांच्याबरोबर लांबून फोटो काढतो. याच्या डाव्या पायाच्या एक्स-रेत माझे शंभर रुपये आहेत. मी त्या पायाबद्दल बोलणार."

"पण ती साखर..."

"साखरेचं सोड."

नऊ नंबर परत आला. त्याची कॉफी अजून आली नव्हती. त्याचं टोकन त्रेचाळीस होतं. मी सहज विचारलं, "चहाच्या गाड्यावर जायचं सोडून इकडं कुठं?"

तो म्हणाला, "गाड्यावर सगळे पेठेतले असतात, काका. दीड कप चहाला दीड तास लागतो. म्हटलं, एकशे ऐंशीच्या कॉफीला आपल्यातलं कोण येतंय?" मग त्यानं दुकानभर नजर टाकली. भिशी होती, साडू होते, गुडघा होता, चुलत बहीण होती, दोन टेबलांपलीकडं त्याचा दुकानमालकही होता. "सगळेच ह्याच विचारानं आलेत, वाटतं."

हे बोलणं मागच्या गृहस्थांनी ऐकलं. नाव विचारल्यापासून ते धुमसत होतेच. ते तिथूनच गरजले, "अरे, पोराला अजून कॉफी न्हाई? आधी नऊ नंबरचं दे!"

"नऊ नंबर! नऊ नंबर!" दुकान गरजलं. स्पर्धा परीक्षावाल्यांनी मौर्य साम्राज्य बाजूला ठेवून टेबल बडवायला घेतलं. मुलगी बघायला आलेल्या मंडळींतला मुलगाही ओरडला. मुलीनं त्याच्याकडं प्रथमच नीट पाहिलं.

काउंटरवरचा पोरगा घाबरला. त्यानं टोकन नंबर नऊची ऑर्डर शोधली, ती बराच वेळ तयारच होती, आणि सगळे जिकडं बोट दाखवत होते तिकडं आणून ठेवली. बिनसाखरेची, जादा दुधाची कॉफी. नऊ नंबरनं एक घोट घेतला. त्याला आवडली नाही, पण एवढ्या लोकांनी मिळवून दिलेली कॉफी नको कशी म्हणायची? त्यानं दुसरा घोट घेतला.

तेवढ्यात खिडकीजवळून एक वयस्कर गुरुजी उठले. धोतर, काळी टोपी, हातात प्लास्टिकचं टोकन. ते टोकन त्यांनी आमच्या टेबलावर ठेवलं. त्यावर नऊ लिहिलं होतं.

"हा नऊ नंबर माझा आहे," ते म्हणाले. "पैसे भरून घेतलेला. केव्हाचा बसलोय."

नऊ नंबर ताडकन उठला. "गुरुजी, चुकलं. बसा तुम्ही." गुरुजींनी चष्मा वर करून त्याच्याकडं पाहिलं, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"तू होय! गेल्या वर्षी सेमीफायनलला आमच्या तोंडातला घास काढलास. आज कॉफीही तूच काढलीस!"

म्हणजे गुरुजी समोरच्या पेठेतले. दुकानातल्या खुर्च्या हळूहळू दोन बाजूंना सरकू लागल्या. सल्लागारांनी साखरेच्या पुड्या मुठीत घेतल्या. भाच्यानं बॅग छातीशी धरली. सोलापूरचा पोरगा मालकाला फोन लावू लागला.

पण नऊ नंबर लंगडत काउंटरकडं गेला, स्वतःच्या पैशानं दुसरी कॉफी घेतली, बिनसाखरेची, जादा दुधाची, आणि गुरुजींच्या हातात आणून दिली. मग वाकून नमस्कार केला. पायाला ठणका लागला असणार, कारण उठताना त्यानं टेबलाची कड धरली.

गुरुजी विरघळले. "पोरगा वळणाचा आहे," ते दुकानाला म्हणाले. "पेठ तेवढी चुकली." कॉफी संपवून, मिशा पुसून ते निघाले. जाता जाता त्याच्या कानाशी वाकले आणि कुजबुजले. गुरुजींनी आयुष्यभर साठ पोरांच्या वर्गाला शिकवलेलं, त्यामुळं त्यांची कुजबूज शेवटच्या बाकापर्यंत पोचते.

"रविवारी पेनल्टी मिळाली तर ध्यानात ठेव. आमचा कीपर माझा विद्यार्थी. घाबरला की उजवीकडंच उडी मारतो. चौथीपासूनची सवय आहे."

गुरुजी दाराबाहेर पडले. दोन क्षण कुणी बोललं नाही. मग गुडघेवाल्यांनी विचारलं, "उजवीकडं म्हणजे कुणाच्या उजवीकडं? कीपरच्या का याच्या?"

झालं. दुकानाचे दोन तट पडले. एक तट म्हणाला, गुरुजी कीपरबद्दल बोलत होते, म्हणजे कीपरचा उजवा. दुसरा म्हणाला, गुरुजी स्ट्रायकरशी बोलत होते, म्हणजे स्ट्रायकरचा उजवा. सल्लागारांनी पुड्यांचा गोल उभा केला. पांढऱ्या शर्टवाल्यांनी मुळातच शंका काढली, की समोरच्या पेठेतला माणूस खरं कशाला सांगेल? त्यावर 'गुरुजी खोटं बोलणार नाहीत' आणि 'पेठेसाठी देवही बोलेल' असे आणखी दोन तट पडले. म्हणजे एकूण चार शक्यता झाल्या. त्या चारही शक्यता टिश्यू पेपरवर तक्ता आखून, बाण दाखवून, टक्केवारी काढून कोण मांडत होतं? माझा भाचा. प्रायव्हसीवाला. त्यानं बाह्या वर केल्या होत्या आणि नऊ नंबरच्या खांद्यावर हात ठेवून तो सांगत होता, "हे बघ, तू सरळ मधोमध मार. रिस्क सगळ्यात कमी."

"बरं, दादा," नऊ नंबर म्हणाला. त्याचं त्रेचाळीस नंबरचं टोकन तेव्हा पुकारलं गेलं. ते कुणालाच ऐकू आलं नाही.

बिलाचं म्हणाल तर त्याच्या कॉफीचे पैसे सहा जणांनी भरले. कुणीही परत घेईना. दुकानमालकांनी, म्हणजे हिशेबाच्या दुकानाच्या मालकांनी, सोमवारी ते कुठल्या खात्यावर टाकायचं हे त्याला तिथल्या तिथं विचारलं.

रविवारचा सामना शून्य-शून्य सुटला. पेनल्टी मिळालीच नाही. त्यामुळं कीपर कुणाच्या उजवीकडं उडी मारतो, हा प्रश्न अद्याप खुला आहे आणि गावातल्या निदान दोन चहाच्या गाड्या त्यावर चालतात. गुरुजींना विचारलं तर ते नुसतं हसतात. मात्र अडुसष्टाव्या मिनिटाला आपल्या पोराला पेनल्टी बॉक्समध्ये पाडलं होतं आणि पंचांनी पेनल्टी द्यायलाच हवी होती, यावर माझा भाचा ठाम आहे. त्यानं तो व्हिडिओ पुण्यात ऑफिसच्या मोठ्या पडद्यावर लावून दाखवला. तिथं कुणाला पेठ ठाऊक नव्हती, म्हणून आधी त्यानं पेठ समजावून सांगितली. परवा रात्री उशिरा त्याचा फोन आला. मला वाटलं, घरी काही झालं. तर तो म्हणाला, "मामा, पुढच्या सीझनच्या वर्गणीचं पुस्तक छापलं का? माझी पावती आधी फाड. आणि नऊ नंबरला सांग, डाव्या पायाचं बघतोय मी."